माझ्या न झालेल्या आजाराची वर्गणी

नाही, नाही, नाही... खुर्ची नको! मी उभ्यानंच बोलतो, आजवर उभ्यानंच बोलत आलोय, आणि बाई, तुम्ही, हो तुम्हीच, पहिल्या रांगेतल्या, तो पंखा माझ्याकडे कशाला वळवताय? असू द्या तुमच्याकडेच! आणि दारातून आत येईपर्यंत ज्यांनी ज्यांनी माझा हात हातात घेऊन, असा वरून थोपटून, आवाज खाली आणून विचारलं ना, 'आता... कसं वाटतंय?', त्यांना सगळ्यांना एकदाच सांगतो, पुन्हा नाही सांगणार, म्हणजे सांगावं लागणारच आहे, पण तरी सांगतो... मी ठणठणीत आहे हो!

बघा, बघा! ते मागचे गृहस्थ मान हलवतायत. 'हिंमत आहे माणसात' असं शेजारच्याला म्हणाले, मला ऐकू आलं! अहो, कान ठणठणीत आहेत, म्हणून ऐकू आलं! तुम्हाला सांगतो, माणसाला आजार झाला तर तो बरा तरी होतो. पण जो झालेलाच नाही, तो बरा कसा करायचा, सांगा मला!

आता मी कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, दाव्यांच्या टेबलावर. म्हणजे लोक आजारी आहेत का, असले तर किती आहेत, आणि कागदावर आहेत तितकेच अंगात आहेत का, हे बघण्यात केस पांढरे केले. वस्तीत सगळे मला विमाकाकाच म्हणतात. निवृत्त झालो, घरी बसलो, आणि जो उठतो तो फोन पुढे करून विचारतोय, 'विमाकाका, हे बघा, ह्या मुलीच्या ऑपरेशनला मदत मागतायत, द्यावी का?' 'विमाकाका, हा कुणी नवं यंत्र काढतोय, आत्ता पैसे दिले तर पहिलं यंत्र आपल्याला म्हणे, घ्यावं का?' म्हटलं, हे काय चाललंय? तेव्हा कळलं, ह्याला क्राउडफंडिंग म्हणतात. बसलो, वाचलं, फोन केले, लोकांना भेटलो, आणि ठरवलं की हे कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे... ज्याचा त्यात एक पैचा संबंध नाही अशा माणसानं! मी मानधन घेत नाही, कुठल्या साईटचं नाव घेत नाही, ह्यात घाला, त्यात घाला, असलं काही सांगत नाही. फक्त कसं चालतं आणि कुठे बुडतं, एवढंच.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी वरची खोली दिली. त्यांनीच रंगाऱ्याकडून फलक करून घेतला, आणि त्या महाभागानं काय लिहिलं माहितीय? 'करोडफंडिंग : मोफत मार्गदर्शन'! करोड! पहिल्या दिवशी जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. एक गृहस्थ पिशवी घेऊन आले होते... रिकामी! मी म्हटलं, 'मंडळी, क्राउड, क्राउड म्हणजे जमाव.' मागून आवाज आला, 'जमाव दिसतोय, करोड कुठायत?' अर्धी खोली तिथल्या तिथे रिकामी झाली.

जे उरले त्यांना सांगितलं, साधी गोष्ट आहे, वर्गणी. पुष्कळांनी थोडं थोडं काढायचं आणि एकाचं काम करायचं. पूर्वी वर्गणी मागणारा दारात यायचा, तो कुणाचा कोण हे ठाऊक असायचं, पैसे खाल्ले तर जिन्यात गाठता यायचा. आता तो फोनमध्ये येतो. कुणी दान म्हणून मागतो, दिलं की गेलं. कुणी म्हणतो, मी एक वस्तू बनवतोय, आधी पैसे द्या, तयार झाली की पहिली तुम्हाला... आता ती वस्तू असते त्याच्या डोक्यात, आणि डोक्यातून कारखान्यापर्यंतच्या वाटेवर पुष्कळ वस्तू मरतात हो! आपल्याला वाटतं आपण गिऱ्हाईक, पण आपण गिऱ्हाईक नसतो, आपण आशेवर असतो. कुणी कर्ज मागतो. कुणी धंद्यात हिस्सा देतो, आणि हिस्सा म्हटला की तो बुडण्यातही असतो, ते तेवढं बारीक अक्षरात! आणि साईट? साईट म्हणजे भिंत. कुणीही यावं, आपला कागद चिकटवावा. भिंतवाला चिकटवायचे पैसे घेतो, कागदावर लिहिलंय ते खरं की खोटं, ह्याची छाननी तो किती करतो, ते आपण विचारायचं. विचारता तुम्ही? नाही ना? मीच विचारतो!

आणि मग मी एक उद्योग केला. म्हटलं, नुसतं बोलून लोकांना कळत नाही, नमुना द्यावा. खोटं पान कसं लिहितात ह्याचा एक नमुना मी स्वतः लिहिला आणि सगळ्यांना एकेक प्रत वाटली. ऐका हं. 'ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सावरलं, ते आज मृत्यूच्या दारात एकटे उभे आहेत. ती ज्योत विझू देणार का आपण? वेळ मुठीतल्या वाळूसारखी निसटते आहे. आपली छोटीशी मदत म्हणजे त्यांचा एक श्वास!' आजाराचं नाव नाही, रुग्णालयाचं नाव नाही, सगळा नुसता गहिवर. घरी हिला वाचून दाखवला, तर हिनं पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, 'अगं, खोटं आहे, नमुना आहे.' ही म्हणाली, 'असेना का, बिचारा एकटा आहे ना!'

तर, तिसरं व्याख्यान. खोलीत पंचवीस-तीस माणसं, दुपारची वेळ, ग्रंथपालबाईंनी कुठूनसा प्रोजेक्टर आणलेला, भिंतीवर पांढरी चादर. मी रंगात आलो होतो. म्हटलं, 'चला, आज पुस्तकी नको, एखादी साईट उघडू, समोर येईल ते पहिलं पान घेऊ आणि तपासून बघू.' उघडली. 'तातडीची मदत' असं लिहिलं होतं त्यावर बोट ठेवलं. चादरीवर गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं... आणि वरून खाली हळूहळू एक फोटो उमटायला लागला. आधी टक्कल. मग भुवया. मी म्हणतोय, 'बघा, चेहरा कसा निवडलाय बघा, डोळे अर्धवट मिटलेले, तोंड उघडं, बघूनच पोटात कालवतं की नाही?' आणि मग मला नाक दिसलं. माझं नाक!

अहो, मी होतो तो! जिने चढून वर आल्या आल्या ग्रंथपालबाईंनी फलकाशेजारी लावायला काढलेला फोटो! ही तेव्हाच म्हणाली होती, 'हा लावू नका, ह्यात तुम्ही गेल्यासारखे दिसता.' खाली मथळा : 'विमाकाकांना वाचवा'. त्याच्याखाली हिरवी पट्टी, निम्म्याहून जास्त भरलेली, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक घर पुढे सरकली. कुणीतरी त्या क्षणी पैसे दिले!

मी म्हटलं, 'हे... हे खोटं आहे. मंडळी, मी ठणठणीत आहे!' आणि नेमका त्याच क्षणी त्या प्रोजेक्टरच्या गरम धुळीनं मला ठसका लागला! आणि काय ठसका! थांबेना! पहिल्या रांगेतल्या निवृत्त शिक्षिका हुंदका देऊन उठल्या. केशकर्तनालयवाला उभा राहिला, म्हणाला, 'काका, मी सकाळीच दिले. दुकान उघडल्या उघडल्या. बोललो नाही तुम्हाला, म्हटलं, कशाला लाजवायचं.' शिंपीबुवा म्हणाले, 'मी पण.' जिना झाडणारी मावशी दारातून म्हणाली, 'माझे मालकिणीच्या फोनवरून गेले.' मावशी! जिचे स्वतःचे गुडघे उभे राहू देत नाहीत!

मी ओरडलो, 'अहो, का दिलेत? मी काय शिकवलं तुम्हाला? कुणाला तरी विचारायचं नाही?' तर केशकर्तनालयवाला म्हणतो, 'विचारायचं कुणाला? असं काही असलं की आम्ही तुम्हालाच विचारतो. तुम्हीच आजारी, मग विचारणार कुणाला?'

मी प्रोजेक्टरची वायरच उपटली!

व्याख्यान मोडलं. घरी आलो तर दारात ही, हातातल्या फोनवर तेच पान, चेहरा पांढराफटक. 'माझ्यापासून लपवलंत? इतक्या वर्षांच्या संसारात मला एका शब्दानं बोलला नाहीत?' 'अगं, मी ठणठणीत आहे!' 'हो ना! परवा जेवताना दुसरी पोळी नको म्हणालात, तेव्हाच मला शंका आली होती!' तेवढ्यात माझी थोरली ताई बॅग घेऊन हजर. बॅगेत पांढरी साडी दिसत होती हो वरच! मी म्हटलं, 'ताई, ही कशाला?' तर म्हणते, 'असू दे, उन्हाचं बरं पडतं.'

दोघींना समजावता समजावता साईटच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ संगीत, मग एक गोड मुलगी. 'नमस्कार सर, आपण लाभार्थी बोलताय की तक्रारदार?' मी म्हटलं, 'दोन्ही!' 'सर, एकच निवडता येईल.' म्हटलं, 'बाई, माझ्या नावानं खोटा आजार लावून पैसे गोळा करतायत, थांबवा ते!' 'नक्की सर. तक्रारीची छाननी होईल. आठवडा ते दहा दिवस.' 'आणि आयोजकाला पैसे कधी मिळणार?' टक टक टक आवाज आला, आणि गोड आवाजातच म्हणाली, 'परवा सर.'

परवा! म्हणजे चोर परवा पैसे घेऊन जाणार आणि चोरी झाली की नाही हे ह्यांना पुढच्या आठवड्यात कळणार! मी म्हटलं, 'ह्यावर काही उपाय?' 'आहे ना सर. आयोजकाने स्वतः मोहीम रद्द केली तर पैसे लगेच परत जातात. एकच बटण असतं.' 'आयोजक कोण आहे?' 'सर, गोपनीयता. पानावर त्यांनी 'एक ऋणी श्रोता' असं लिहिलंय. आणि सर, आपण आजारी नसल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलंत तर छाननीला मदत होईल.'

धावत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर जुने ओळखीचे, म्हणाले, 'आजार असल्याचं लिहून देतो. नसल्याचं कसं देऊ? कुठला नाही?' मी म्हटलं, 'कुठलाच नाही!' 'अहो, नसलेले आजार लिहीत बसलो तर वही पुरायची नाही.' तरी म्हणाले, बघू, हात द्या. पट्टा गुंडाळला, फुगवला, बघितलं, पुन्हा फुगवला. म्हणाले, 'कालपर्यंत ठणठणीत असाल. आत्ता रक्तदाब चांगलाच वाढलाय.' पैशांच्या चिंतेनं! म्हणजे त्या पानानं मला आजारी पाडूनच सोडलं!

मी कागद न घेताच घरी आलो. जेवणं कुणालाच गेली नाहीत. ताई एका कोपऱ्यात, ही दुसऱ्या कोपऱ्यात, मी मधे फोन घेऊन. ती हिरवी पट्टी पुढे पुढे चाललेली. खाली देणाऱ्यांची नावं... शाळेतला शिपाई, कोपऱ्यावरची फुलवाली, माझ्या जुन्या कचेरीतले दोघे, ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं ते! ही माणसं आपल्यासाठी काढून देतील, हे आपल्याला कधी ठाऊक असतं का हो? आणि त्यातली एक पै माझ्यासाठी नव्हती! हे सगळं प्रेम कुणीतरी परवा खिशात घालून चालू लागणार होता, आणि ह्या लोकांना आयुष्यभर वाटणार होतं की विमाकाकांनीच आपल्याला फसवलं. कारण फोटो माझा होता. नाव माझं होतं.

मजकूर मी मोठ्यानं वाचत होतो, काही धागा लागतोय का म्हणून. 'वेळ मुठीतल्या वाळूसारखी निसटते आहे...' आणि तुम्हाला सांगतो, इतक्या संकटातही मी म्हटलं, 'हरामखोर आहे, पण लिहिलंय मात्र छान!' ही कोपऱ्यातून म्हणाली, 'तुमचंच आहे.'

माझंच होतं! शब्दन् शब्द! तो नमुना! खोटं पान ओळखता यावं म्हणून जो सगळ्यांना हातात दिला, तोच उचलून, माझं नाव घालून, चिकटवला होता. आणि तो ज्यांच्या घरी पडलाय त्यांनीच वाचून, रडून, पैसे दिले होते! एकानंही ओळखला नाही! अहो, मीसुद्धा नाही!

पण मग डोकं चालायला लागलं. नमुना फक्त दुसऱ्या व्याख्यानाला वाटला होता. म्हणजे माणूस त्या खोलीतला. आणि मला शेवटची रांग आठवली. सायकलवाला. पुलाखाली त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, अलीकडे बंद असायचं. गप्प माणूस, पण प्रश्न काय विचारायचा! 'काका, जमलेले पैसे हातात पडायला किती दिवस लागतात?' 'काका, मधे कुणी तपासतं का?' 'काका, दुसऱ्याच्या नावानं पान काढता येतं का?' आणि मी? मी इतका खूश, की वा, काय हुशार विद्यार्थी आहे, त्याला पुन्हा एकदा सगळं नीट समजावून सांगितलं!

ही म्हणाली, 'पोलिसांत जा.' मी म्हटलं, जाणार, पण आधी गेलो आणि त्याला कुणकुण लागली तर तो गायब होईल, आणि परवा पैसे आपोआप त्याच्या खात्यात जातील. बटण त्याच्या हातात आहे. बटण दाबलं गेलं पाहिजे. बस्स.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना निरोप गेला. ज्यादा व्याख्यान, विषय, माझी तब्येत. करोडच्या दिवशी नव्हती एवढी गर्दी! लोक फळं घेऊन आले. टेबलावर सफरचंदांचा ढीग, त्याच्या मागून मी दिसेनासा झालो. मी शेवटच्या रांगेकडे बघतोय. रिकामी. बोलायला सुरुवात केली, तोंड कोरडं, शब्द सापडत नाहीत, लोकांना वाटतंय, वेदना होतायत. मी मनात म्हणतोय, आला नाही तर संपलं. आला नाही तर संपलं... आणि दार वाजलं. आला. अंग चोरून शेवटच्या खुर्चीवर बसला. न येणं बरं दिसलं नसतं, म्हणून आला असणार.

मी चादरीवर ते पान लावलं. म्हटलं, 'मंडळी, मी ठणठणीत आहे की नाही, ते बाजूला ठेवा. हे पान अनोळखी माणसाचं आहे असं समजा, आणि मला सांगा, ह्यात काय नाही?'

मग शिक्षिकाबाई हळूच म्हणाल्या, 'आजाराचं नाव नाही.' मी म्हटलं, 'आणखी?' केशकर्तनालयवाला, 'दवाखाना कुठला ते नाही.' शिंपीबुवा, 'पैसे कुणाच्या खात्यात जाणार, तो ह्यांचा कोण, ते नाही.' दारातून मावशी, 'घरच्या बाईचा फोन नंबर नाही!' आणि मग एकदम सगळेच... 'काय खर्च येणार त्याचा हिशेब नाही', 'घाई घाई फार आहे', 'अहो, हा तर तो कागद आहे, मी त्याची पुडी बांधली होती!' माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. शिकले होते! सगळं शिकले होते! फक्त पैसे दिल्यावर आठवलं.

मी सायकलवाल्याकडे बघत नव्हतो. पण मला दिसत होतं. तो उठला. केशकर्तनालयवाला त्याच्या आधी दाराशी जाऊन उभा, छाती पुढे काढून. मी म्हटलं, 'दार सोडा. जायचं असेल त्याला जाऊ द्या. मला माणूस नकोय, मला ते बटण दाबलेलं हवंय. ज्यानं हे पान काढलं त्यानं मावशींचे गुडघे एकदा बघावेत, आणि मग काय ते ठरवावं.'

तो दारापर्यंत गेला. थांबला. वळला, आणि एकदम ओरडला, 'माझे कुणी परत दिले?'

कुणाला काही कळेना. मग सगळं बाहेर पडलं. सायकलला बसवायची मोटर निघणार होती म्हणे, कुठल्याशा साईटवर, बसवली की सायकल आपोआप चालणार. त्यानं पहिल्या पन्नास नगांचे पैसे भरले, दुकान गहाण टाकून. काढणाऱ्यांनी आधी महिन्यानं देऊ म्हटलं, मग भाग मिळत नाहीत म्हटलं, मग 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत' म्हटलं, मग गप्प. साईट म्हणाली, आम्ही फक्त जागा देतो. 'मी सगळीकडे फिरलो, काका! एक माणूस सांगेना पैसे कुठायत. मग तुमच्या व्याख्यानाला आलो. म्हटलं, मिळायची काही वाट कळेल. तर तुम्ही म्हणालात, मिळत नाहीत, धोका आपला आपण घ्यायचा. आणि लोक कुणाला देतात? तर ओळखीच्या चेहऱ्याला. ओळखीचा चेहरा म्हणजे तुम्ही. जमावानं माझे खाल्ले, म्हटलं, जमावाकडूनच घ्यावे.'

शिंपीबुवा म्हणाले, 'अरे, पण तो जमाव वेगळा! हे आम्ही!' त्यानं मावशीकडे बघितलं. मावशी आपल्या झाडूला धरून उभी होती. तिनं एक हात गुडघ्यावर टेकला, आणि ते त्याला सोसलं नाही बहुतेक. त्यानं खिशातून फोन काढला. 'दाबतो', म्हणाला. तो फोनकडे बघतोय. आम्ही त्याच्याकडे. आणि तो म्हणतो, 'रेंज नाही.'

अहो, प्रोजेक्टरला वाचनालयाचं इंटरनेट होतं, पण फोनला त्या खोलीत रेंज येते ती फक्त जिन्याजवळच्या खिडकीत! तो खिडकीकडे निघाला. त्याच्या मागे मी, माझ्या मागे केशकर्तनालयवाला, त्याच्या मागे सगळी खोली. खिडकीला लागूनच जिना, खाली उघडा रस्ता. दोन पावलं टाकली असती तर गेला असता. मी त्याच्या बाहीला धरलं नाही, म्हणजे धरलं, पण अगदी हलकं. फोनवर ते गोल फिरतंय, फिरतंय, फिरतंय... माझ्या छातीत असं धडधडतंय की कुणीतरी म्हणालं, काकांना धरा... आणि तो म्हणाला, 'झालं.' आणि पाठीमागं, गर्दीत, शिंपीबुवांच्या खिशात टिंग वाजलं. मग दुसऱ्या कुणाच्या. मग तिसऱ्या. सगळ्या खिशांतून टिंग, टिंग, टिंग! तुम्हाला सांगतो, एवढं सुरेल संगीत मी जन्मात ऐकलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. कसलं संपतंय!

पोलीस चौकीत गेलो. सायकलवाला बरोबर आला, स्वतःच्या पायांनी. साहेबांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं, म्हणाले, 'पैसे परत आले. म्हणजे फसलं कोण?' म्हटलं, 'साहेब, गुन्हा तर झाला ना?' 'झाला. घेतो लिहून.' घेतलं. सही केली. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'तब्येत सांभाळा.'

मग वस्ती माझ्यावर उखडली! का? तर साईटनं पैसे परत केले, पण आपलं कमिशन ठेवून. भिंतवाल्यानं चिकटवायचे पैसे सोडले नाहीत! प्रत्येकाला थोडे थोडे कमी आले, आणि ते मागायला सगळे आले माझ्याकडे. मी म्हटलं, 'अहो, माझा काय दोष?' तर केशकर्तनालयवाला काय म्हणावं? 'काका, आम्ही तुमच्या आजारासाठी दिले होते. तुम्ही धडधाकट निघालात.' असं म्हणाला, जणू मीच फसवलं! शिक्षिकाबाईंना तर माझं हिंडणं-फिरणंच सहन होईना. मी समोरून भाजी घेऊन आलो की त्या अशा बघायच्या... की ह्याच्यासाठी मी दोन दिवस जेवले नाही! ताई बॅग घेऊन परत गेली, जाताना म्हणाली, 'उगाच हेलपाटा झाला.'

सायकलवाल्याचं प्रकरण चालू आहे. तो आता एका गोदामात कामाला लागलाय. रस्त्यात दिसला की मान खाली घालतो, पण तब्येत विचारत नाही. सबंध वस्तीत तेवढा एकच माणूस आहे जो माझी तब्येत विचारत नाही, कारण मी ठणठणीत आहे ह्याची खात्री त्या एकट्यालाच आहे!

शेवटी मी ठरवलं, भांडत बसण्यात अर्थ नाही. पेन्शनमधून तेवढी तूट काढली आणि घरोघर जाऊन ज्याची त्याला देऊन टाकली. सगळ्यांनी घेतली. मोजून घेतली. बरं वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात ग्रंथपालबाई म्हणाल्या, 'एक राहिलं.' टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेल्या एक बाई, वय ऐंशीच्या पुढे, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात, व्याख्यानाला कधी आल्या नाहीत. फोनमधलं त्यांना कळत नाही, म्हणून जिने उतरून वाचनालयात आल्या होत्या आणि ग्रंथपालबाईंच्या हातात रोख ठेवून गेल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी ते आपल्या फोनवरून भरले होते, परत आलेले आता माझ्या हातात दिले.

चढलो चार जिने. दार उघडलं. मी धापा टाकतोय, म्हटलं, 'बाई, हे तुमचे पैसे. मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे.' त्यांनी चष्मा लावून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, 'असू द्या, ठेवा.' म्हटलं, 'अहो, ठेवा काय? आजारच नाही!' तर म्हणतात, 'आज आजारी नाही झालात, उद्या व्हाल. तेव्हा माझ्यानं पुन्हा हे जिने उतरून येणं व्हायचं नाही. आत्ता देते, ते घ्या.'

मी तिथं बसलो, चहा झाला, मी त्यांना दान म्हणजे काय, कर्ज म्हणजे काय, आगाऊ पैसे म्हणजे काय, सगळं सगळं समजावलं, आगाऊ पैसे घेतले की माल द्यावा लागतो हेही समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, 'मग द्या की. मला घाई नाही.'

आणलेले पैसे तसेच खिशात घालून मी खाली उतरलो. एवढी व्याख्यानं देऊन लोकांना सांगितलं, वस्तू हातात नसताना पैसे घेऊ नका, देऊ नका... आणि आता मी स्वतः चौथ्या मजल्यावरच्या त्या बाईंचं एक आजारपण देणं लागतो!